दोन नंबरचं बटण

"तिचं बोट धरा आणि दाबून टाका. मागं लाईन लागलीय."

केंद्राध्यक्ष हे माझ्या भावाला म्हणाले. माझ्याबद्दल. मी तिथंच उभी होते, त्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर. मतदाराची चिठ्ठी माझ्या हातात, तिच्यावर नाव माझं. पण माझ्याशी कोणी बोललं नाही. आंधळ्या माणसाशी लोक बोलत नाहीत, त्याच्या सोबत्याशी बोलतात. हॉटेलात वेटर विचारतो, "या काय घेणार?" दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "यांना कुठं दुखतंय?" आणि सोबतचा माणूस उत्तर देतो. दुखत मला असतं.

मी चार वर्षांची असताना मला गोवर झाला, त्यात डोळे गेले. अंधशाळेत शिकले, पदवी घेतली. खराडीत एका कंपनीत नोकरी करते. मोबाईलवरची ॲपं आंधळ्या माणसाला वापरता येतात की नाही, हे तपासून सांगायचा मला पगार मिळतो. राहते बिबवेवाडीत, भावाच्या घरी. दादा, वहिनी, त्यांची मोठी मुलगी आणि मी. घर वडिलांचं होतं. वडील गेल्यावर ते दादाचं झालं. मी त्याच घरात होते, पण आता मी "ठेवून घेतलेली" झाले.

वडील महापालिकेत झाडू खात्यात होते. आमचं घर बौद्ध. सणवार फार नव्हते, पण मतदानाचा दिवस वडील सणासारखा पाळायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते सकाळी पहिले जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, "बाकी सगळ्या लायनीत आपण मागं. ही एकच लाईन अशी, की साहेबाच्या पुढं मी उभा असलो तर त्याला थांबावं लागतं."

मी त्यांचीच मुलगी. गेल्या विधानसभेला मीसुद्धा पांढरा ड्रेस घालून गेले होते.

मी ठरवलं होतं कुणाला द्यायचं. यादीत पाचव्या नंबरवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. निवडून येणार नव्हत्या, हे मलाही कळत होतं. पण प्रचाराला आमच्या गल्लीत आल्या तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन मलाच माझं नाव विचारलं. दादाला नाही, मला. मग विचारलं, "बसनं जाता का कामाला? स्टॉपवर काय अडचण येते?" मी सांगत राहिले, त्या ऐकत राहिल्या. एवढंच. मला तेवढं पुरे होतं.

दादाला मी घरून निघतानाच सांगितलं, "पाच नंबर." तो "हं" म्हणाला.

टेबलावर त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली. मदतीला आलेल्या माणसानं मत गुप्त ठेवायचं, असा तो कागद. तिथल्या बाईंनी भराभर वाचून दाखवला. दादानं सही केली. मग माझ्या डाव्या बोटाला शाई, त्याच्या उजव्या बोटाला शाई. आम्ही पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो. दादानं माझं बोट धरलं आणि यंत्रावर ठेवलं.

बोटाखाली टिंबं लागली.

मला कोणी सांगितलं नव्हतं की त्या यंत्रावर ब्रेल असतं. प्रत्येक बटणाशेजारी बारीक उठावाची टिंबं. मी सहाव्या वर्षापासून ब्रेल वाचते. झोपेतही वाचीन. माझ्या बोटाखाली आधी अंकाची खूण आली, मग एकाखाली एक दोन टिंबं.

दोन.

पाचाची टिंबं तिरकी असतात.

"दादा, हे नाही."

"गप."

त्यानं माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं. लांब शिट्टीसारखा आवाज झाला. संपलं.

मी ओरडायला हवं होतं. खोलीत पोलीस होता, अधिकारी होते, पक्षांची माणसं बाकावर बसलेली होती. मी एक शब्द बोलले असते तरी सगळे थांबले असते. पण डोक्यात हिशेब चालू होता. बोलले तर दादाला पकडतील. पकडलं तर मी आज कुठं जायचं? मला घरी नेणारा तोच होता. माझं मत चोरणाऱ्याच्याच दंडाला धरून मी त्या खोलीतून बाहेर आले. पायरी आली तेव्हा तो म्हणाला, "सांभाळून."

फाटकापाशी त्यानं फोन लावला. "झालं भाऊ. चारही."

भाऊ म्हणजे दोन नंबरच्या उमेदवाराचा आमच्या भागातला माणूस. दादाची अंडाभुर्जीची गाडी चौकात उभी राहते ती त्याच्या जिवावर. अतिक्रमणवाले आले की दादा त्याला फोन लावतो आणि गाडी वाचते. त्या बदल्यात घरातली चार मतं, भाचीचंही धरून. माझं त्यात चौथं.

घरी वहिनीनं पोहे केले होते. मी ताटली हातात घेऊन बसले आणि तिला सांगितलं. मला वाटलं, बाईमाणूस आहे, तिला कळेल. वहिनीनं माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मग म्हणाली, "तुला काय गं फरक पडतो? कोणीही आलं तरी तुला थोडंच दिसणार आहे?"

ती चिडून बोलली नव्हती. समजूत घालत होती. त्यामुळं जास्त लागलं.

दोन नंबरवाला आला. माझं मत नसतं तरी आला असता. हे मला नंतर पुष्कळांनी सांगितलं, जसं काही मी निकालाबद्दल रडत होते.

लोकसभेला मी गेलेच नाही. सकाळी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले. दादानं दोनदा हाक मारली. वहिनी म्हणाली, "राहू दे, नसेल बरं." मी भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि वडिलांच्या आठवणीनं मला स्वतःची लाज वाटत होती. बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी आजारी पडले. दुसऱ्याच्या आधारानं राहणाऱ्या आम्हा लोकांना हे छान जमतं. नाही म्हणता येत नाही, मग आजारी पडतो.

मग या विधानसभेच्या आधी अंधशाळेतली माझी मैत्रीण सुरेखा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "अगं, ब्रेलमधली मतपत्रिका असते ना केंद्रावर. मागायची. वाचायची आणि एकटीनं जाऊन बटण दाबायचं. सोबत न्यायची सक्ती नाहीये."

मी फोन धरून बसून राहिले. सक्ती नाहीये. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या ॲपमध्ये खोट काढते.

मतदानाच्या दिवशी दादाला सांगितलं, "मी एकटी जाणार."

"एकटी? लोक म्हणतील भावानं सोडून दिली."

"म्हणू देत."

"हे बघ, भाऊला मी शब्द दिलाय."

"तुझ्या मताचा दे. माझ्या मताचा तू कसा देतोस?"

भांडी आदळल्याचा आवाज आला, ती वहिनी होती. मी काठी घेतली आणि निघाले.

केंद्र महापालिकेच्या शाळेत होतं. दारावरच्या महिला पोलिसानं मला रांगेतून पुढं नेलं. आत शिरताच पहिला प्रश्न आला.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"असं कसं?" हे केंद्राध्यक्ष वेगळे होते. आवाज मऊ, शुद्ध, शिकवायची सवय असलेला. "मॅडम, आपल्या सोयीसाठीच सांगतोय. घरच्या कुणाला तरी घेऊन या."

"मागच्या वेळी घरच्यांनाच आणलं होतं."

त्यांना ते कळलं नाही. म्हणाले, "मग रांगेतल्या कुणाला तरी विनंती करू."

"अनोळखी माणसाला माझं मत सांगू?"

"अहो, आम्ही पहाटेपासून इथं बसलोय. आपण जरा सहकार्य करा."

"मला ब्रेलची मतपत्रिका द्या. तेवढीच पाहिजे."

"ब्रेलची?" त्यांनी हा शब्द असा उच्चारला की जणू मी परदेशी मिठाई मागितली. मग पिशव्या उघडल्याचे आवाज. लिफाफे. कुजबुज. कोणीतरी फोन लावला, तो लागला नाही. मी उभी. मला खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही. मागं रांग दारातून आत सरकत होती. एक वयस्कर गृहस्थ, अगदी स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"अहो, ज्यांना दिसतंय त्यांना तरी मतदान करू द्या."

खोली हसली. बाकावरची पक्षाची माणसं हसली. शाईवाल्या बाईसुद्धा हसल्या असाव्यात, कारण त्या उगाच खोकल्या.

वाटलं, जाऊ दे. निघून जावं. घरी जाऊन म्हणावं, नाही जमलं, दादा तू चल. ओठावर आलं होतं ते. मी काठी दोन्ही हातांनी धरली आणि उभी राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं. दाराची दिशा कुठली, तेच त्या गोंधळात मला कळेना झालं होतं.

मग त्या शाईवाल्या बाई म्हणाल्या, "सर, ते जाड कोरे कागद आहेत, ते तर नसतील?"

ते खिडकीत होते. त्यांच्यावर जेवणाचे डबे ठेवले होते. कोरे वाटले म्हणून ठेवले, असं त्या म्हणाल्या. माझ्या हातात कागद आला तेव्हा एका कोपऱ्याला तेल लागलं होतं आणि डब्याच्या कडेखाली टिंबं चेपली होती. दोन नावं मला लागलीच नाहीत. पण ज्या उमेदवाराला द्यायचं होतं त्याचं नाव लागलं. सात नंबर. त्या शिक्षिका या वेळी उभ्या नव्हत्या. त्यांच्यासोबत काम करणारा एक माणूस होता.

"सगळे लांब व्हा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

आडोशामागं मी एकटी होते. वरून खाली एकेक अंक बोटानं वाचत आले. सातावर थांबले. परत वर जाऊन पुन्हा मोजलं. दाबलं. लांब आवाज झाला. शेजारच्या पेटीत काहीतरी घरघरलं. ती मताची चिठ्ठी. काचेतून दिसते म्हणे काही सेकंद, आपण दाबलं तेच छापलंय का ते.

मी बाहेर येऊन विचारलं, "चिठ्ठीवर काय आलं?"

"ते आम्हाला पाहता येत नाही मॅडम. गुप्त असतं."

त्यांचं बरोबर होतं. म्हणजे जगात कोणीच मला ते सांगू शकत नव्हतं. बाकी सगळे आपल्या डोळ्यांनी खात्री करून घरी जातात. मी विश्वास ठेवून जायचं. यंत्रावर, खोलीवर, हसणाऱ्या माणसांवर.

दादानं घरी विचारलं, "कुणाला?"

"सांगणार नाही."

निकाल लागला. पुन्हा दोन नंबरवालाच आला, या वेळी त्याचा नंबर तीन होता. काही आठवड्यांनी दादाची गाडी अतिक्रमणवाल्यांनी उचलली. त्यानं भाऊला फोन लावला. भाऊनं उचलला नाही. दादा म्हणतो, तुझ्यामुळं. त्या आठवड्यात चौकातल्या सगळ्याच गाड्या उचलल्या होत्या, असं शेजारीण सांगते. खरं काय, मला माहीत नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही. सकाळी बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा, तो दादा येत नाही. रस्ता खोदलेला आहे. दोनदा पडले. भाचीसुद्धा बापाचं बघून मुकाट झाली आहे. घरात मी आहे आणि नाही.

मी निवडणूक कार्यालयाला अर्ज पाठवला. पत्रिका डब्याखाली होती हे लिहिलं. चिठ्ठी मला ऐकू यायला हवी, हेही लिहिलं. उत्तर आलं, छापील कागदावर. मोबाईलनं वाचून दाखवलं. सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

मी दुसरा अर्ज पाठवलाय. तिसरा तयार आहे.

दादाची माफी मागितलेली नाही. मागणार नाही. खोली बघतेय, मिळाली की निघेन. नाही मिळाली तर याच घरात राहीन, बापाचं आहे ते.

पुढच्या निवडणुकीला सुरेखा आणि मी आमच्या ओळखीच्या सगळ्या मुलींना हेच सांगणार आहोत. आपापल्या केंद्रावर सकाळी पहिलं जायचं. एकटीनं. पत्रिका मागायची. नाही मिळाली तर टेबलापुढून हलायचं नाही. मागं रांग खोळंबेल. खोळंबू दे.