डोलीवाल्याचं तारण

मंगळूच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता. सदरा काढला की तो आधी दिसायचा, माणूस नंतर. वणीच्या गडावर ज्यांना पायऱ्या चढवत नसत अशा भाविकांना डोलीत बसवून वर न्यायचं काम त्यानं मिसरूड फुटल्यापासून केलं होतं. गाव सुरगाण्याकडचं. पावसाळ्यात नागली आणि भात, आणि यात्रेचे दिवस आले की गड. दोन बांबू, मधे बांधलेली बसकण आणि चार माणसं, एवढीच डोली; पण वरच्या माणसाचं वजन त्याच्या भीतीप्रमाणे कमीजास्त होतं, हे मंगळूला ठाऊक होतं.

नव्वदनंतरच्या एका वर्षी त्याची बायको भागीबाई आजारी पडली आणि दोघं नाशिकला मिशनच्या एका दवाखान्यात येऊन राहिली. तिथे कुणीतरी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. मेंढपाळ त्याला शोधतो आणि खांद्यावर घालून घरी आणतो. भागीबाई बरी होऊन गावाकडे ओढ घेऊ लागली, मंगळू मात्र त्या गोष्टीपाशी अडून बसला. देवाला खांदा असतो, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. ज्याला खांदा आहे त्याला घट्टाही असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. मग दोघं शहरातच राहिली. तो बांधकामावर जाऊ लागला, तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या चाळीत एक खोली मिळाली, आणि दोन वर्षांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला.

त्याआधी त्यानं मंडळीचे धर्मगुरू, पाळक यादव साळवे यांना विचारलं होतं, "सायेब, तारण व्हायला करायचं काय?"

"काही नाही," पाळक म्हणाले. "तारण म्हणजे देवानं केलेली सुटका. ती केलेल्या कामाची मजुरी नाही, मंगळूभाऊ. ती कृपा आहे. आपण फक्त विश्वास ठेवायचा."

मंगळू म्हणाला, "सायेब, ह्ये 'फक्त' लय जड हाय."

पाळक हसले. मंगळू हसला नाही. ज्या माणसानं जन्मभर उचललंच, त्याला विश्वासही उचलायचीच वस्तू वाटली. रविवारी उपासनेत तो डोळे मिटून, दात आवळून, मुठी गच्च करून बसे. मानेच्या शिरा टरारून फुगत, कपाळावर घाम येई. शेजारच्या बाया एकमेकींना खुणावत. एकदा तर भागीबाईनं भर प्रार्थनेत त्याला कोपरानं ढोसलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अवं, प्रार्थना करताय का बाळंत होताय?"

"गप. विश्वास ठेवतोय."

"मग जरा हळू ठेवा. बाकडं हालतंय."

अशी वर्षं गेली. दोन हजार सालानंतर त्याचे गुडघे गेले. आधी सुजले, मग वाकेनात, शेवटी तो भिंतीला धरून मोरीपर्यंत जाण्यापुरता उरला. मंडळीतली माणसं प्रार्थनेला येत. त्यांत कोंडाजी असे. चौथ्या पिढीचा ख्रिस्ती, मंडळीचा पंच, आवाज घंटेसारखा. त्यानं मंगळूच्या गुडघ्यांवर हात ठेवून पुष्कळ वेळा प्रार्थना केली आणि एके दिवशी कंटाळून उठता उठता म्हणाला, "मंगळू, आमची प्रार्थना तर पोचते. तुझाच विश्वास कुठंतरी कमी पडतो बघ."

बोलणाऱ्याचं बोलून झालं, तो चहा पिऊन गेला. ते वाक्य खोलीत राहिलं. मंगळू त्याच्याकडे बघत पडून राही. सकाळी ते छपराच्या पत्र्यावर असे, दुपारी भिंतीवर, संध्याकाळी छातीवर. उपासनेत सगळ्यांबरोबर घ्यायचं प्रभुभोजन त्यानं सोडलं. पाळक त्या भोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन खोलीवर आले, तर त्यानं तोंड फिरवलं.

"माझा वाटा नगं, सायेब. माझा विश्वास तोकडा हाय. मी तसाच तारणाबाहेर मरणार."

पाळक खाटेच्या कडेवर बसले.

"तारण कामानं मिळत नाय म्हणलात," मंगळू म्हणाला. "मग विश्वासानं मिळतं. आन तो कमी पडला तर मिळत नाय. म्हंजे विश्वास ह्येच काम झालं की! निस्तं नाव बदललं तुमी. आधी पायानं चढायचं होतं, आता मनानं चढायचं. मला तर पायाचं सोपं होतं."

"विश्वास म्हणजे मागणाऱ्याचा रिकामा हात," पाळक म्हणाले. "हात भाकरी कमवत नाही. नुसती घेतो."

"आन हात थरथरत असंल तर? भाकरी खाली नाय पडणार?"

पाळकांनी भाकर पुन्हा रुमालात गुंडाळली. जाताना एवढंच म्हणाले, "पुनरुत्थानाच्या सकाळी, ईस्टरच्या रविवारी, टेकडीवर उपासना आहे. तिथे या. भाकर घेऊ नका हवं तर. नुसते बसा."

"चढू कसा?"

"ते आम्ही बघू."

दरवर्षी त्या रविवारी मंडळी उजाडता उजाडता शहराबाहेरच्या टेकडीवर जाई. वर चर्च नव्हतं, एक पसरट खडक होता आणि पूर्वेला मोकळं आभाळ. त्या सकाळी मंगळूच्या दारात एक लाकडी खुर्ची आली, दोन बांबू आले आणि चार माणसं आली. चौघांत पुढच्या उजव्या बाजूला कोंडाजी होता. तो मंगळूच्या नजरेला नजर देत नव्हता.

"मी नाय येणार," मंगळू म्हणाला.

"न यायला काय झालं?" भागीबाईनं त्याचा धुतलेला सदरा अंगावर फेकला. "जनमभर लोकांना उचलून नेलंत. चार माणसं दारात उभी हायती, त्यांना माघारी धाडू? घाला सदरा."

बांबू कसे बांधावे हे चौघांपैकी कुणालाच येत नव्हतं. गाठी मंगळूनंच सांगितल्या. डोली उठली. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. चढ लागला तशी गंमत संपली. माणसं नवखी, पावलं एकमेकांत अडकणारी. खुर्ची मागे कलली. एवढी वर्षं गडावर डोली वाहिली, पण डोलीत तो कधीच बसला नव्हता. त्यानं दांडे गच्च धरले. पुढे झुकला. कोंडाजी धापा टाकतोय हे ऐकून त्याला राहवेना. थोडा भार हलका करावा म्हणून त्यानं आपला त्यातल्या त्यात बरा पाय खाली सोडला आणि दगडाला रेटा दिला. डोली एकदम तिरपी झाली. मागचा एक जण गुडघ्यावर आला, कोंडाजीनं "अरे बापा!" म्हणत दोन्ही हातांनी बांबू छातीशी कवटाळला. आणि मंगळूच्या तोंडून, त्याच्या नकळत, गडावरची जुनी आरोळी निघाली:

"अंग सोडा! अंग सोडून बसा! चढायचं आमी बघतो!"

सगळे थांबले. कोंडाजीनं मान वळवून वर पाहिलं.

"कुणाला सांगतोस रे?"

मंगळूही गोंधळला. मग त्याचं त्यालाच हसू फुटलं. जो रेटा देऊ नका म्हणून तो हजारो लोकांवर ओरडला होता, तोच रेटा त्यानं स्वतः दिला होता.

चौघांनी दम खायला डोली खाली टेकवली. मंगळूला वणीच्या गडावरची एक म्हातारी आठवली. पहिल्या पायरीपासून ती "पडते रे, पडते रे" करत होती. डोळे मिटलेले, मुठीत मंगळूचे केस. तिचा डोलीवर विश्वास होता असं कुणीही म्हटलं नसतं. तिच्यामागून दुसऱ्या डोलीत एक धीट बाई पान खात आली होती. दोघी वर पोचल्या. एकाच जागी उतरल्या. खाली आल्यावर म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली, "मी गड चढले बरं का!" आणि डोलीवाले गालात हसले होते. तिनं काय केलं होतं? बसली होती. बसणं हे काम होतं का? असेलही. पण त्या कामानं ती एक पायरीसुद्धा वर गेली नव्हती. गेली ती खांद्यांवरून. तिची भीती मोठी होती, एवढंच. तिच्या भीतीनं त्याच्या केसांना ताण बसला, गड काही दूर गेला नाही.

"उचलू का?" कोंडाजीनं विचारलं.

"उचला," मंगळू म्हणाला. आणि पाठ टेकली.

सोपं नव्हतं. प्रत्येक दगडाला हात आपोआप दांड्याकडे जात, तो ते पुन्हा मांडीवर आणी. विश्वास वाढला असं त्याला वाटलं नाही. भीती तशीच होती, तिलाही डोलीत जागा मिळाली होती. समोर आभाळ उजळत होतं आणि पुढच्या दोघांची घामेजलेली टकुरी हलत होती.

वर खडकापाशी डोली टेकली. कोंडाजीनं सदऱ्याचं बटण काढून खांदा चोळला. कातडी लाल झाली होती, सोललीही होती थोडी. मंगळूनं हात लांब करून त्या जागेला बोट लावलं.

"आज रातीला खोबरेल लाव. उद्या लय ठणकंल."

कोंडाजी खाली बसला. "मंगळू, मी त्या दिवशी बोललो ते..."

"ते ऱ्हाऊ दे. बांबू मानेपास्नं चार बोटं लांब धरायचा असतो. उतरताना सांगतो."

पाळक भाकर घेऊन एकेकापाशी येत होते. मंगळूच्या खुर्चीपाशी ते जरा थांबले, त्यांनी विचारलं नाही. मंगळूनं हात पुढे केला. हात थरथरत होता. पाळकांनी भाकरीचा तुकडा तळव्यावर ठेवला, आणि तो पडू नये म्हणून त्याच्या हाताखाली आपला दुसरा हात धरला.

भागीबाई बाजूला डोळे मिटून बसली होती. तिनं एक डोळा उघडला, नवऱ्याची मान पाहिली. शिरा फुगलेल्या नव्हत्या. तिनं डोळा मिटला.