तिसऱ्या मुलीचं नाव

शेजारच्या ब्लॉकमधून सकाळपासून हरभरे शिजल्याचा वास येतो आहे. बारशाच्या घुगऱ्यांचा वास, त्यात फोडणीतला हिंग आणि ओलं खोबरं. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत भिंती इतक्या पातळ की पाळण्याला फुलं बांधणाऱ्या बायकांचं बोलणंही ऐकू येतं. मला बारशांचं फारसं कौतुक नाही. एक तान्हं मूल, वीस बायका आणि प्रत्येकीचं वेगळं मत, एवढाच तो प्रकार. पण आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगण्याचं काम माझ्याकडे चार वेळा आलं, आणि हा वास आला की त्यातलं तिसरं बारसं आठवतं.

साठ सालानंतरची ती वर्षं. माझा भाऊ मुलुंडला दोन खोल्यांत राहायचा. पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीतून हिरवा डोंगर, खाली मोकळं अंगण. आई त्याच्याकडेच असायची. मी घाटकोपरला राहून टायपिस्टची नोकरी करत होते. वहिनी वेंगुर्ल्याची, हाताला चटपटीत आणि बोलायला कमी. शौक म्हणावा असा तिला एकच, मुलींची नावं जमवण्याचा. दुपारची कामं उरकली की ती वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडून बसायची आणि विणकामाचे नमुने लिहिलेल्या वहीच्या मागच्या पानांवर नावं उतरवून आणायची. सगळी लांब, आसपास कुणाची नसलेली आणि सगळी ‘इणी’ नाहीतर ‘इनी’च्या वळणावर संपणारी. थोरलीचं नाव तिने तरंगिणी ठेवलं, दुसरीचं शैवलिनी. दुसरीच्या वेळी सातव्या महिन्यात ती गॅलरीत उभी राहून रिकाम्या अंगणात हाक मारून बघायची. हाक मारल्याशिवाय नाव कळत नाही, असं तिचं म्हणणं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर बघून विचारलं, “अहो, कोण हरवलंय तुमचं?”

“हरवलं नाही, यायचंय,” वहिनी म्हणाली.

शाळेत ही नावं लिहिता लिहिता पोरी दमतील, असं मी एकदा म्हटलं होतं. वहिनी सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “वन्सं, माझं माहेरचं नाव दोन अक्षरी. लग्नात नवं नाव तांदळात लिहिलं आणि जुनं कुठे गेलं ते कुणी विचारलंही नाही. लांब नाव पुसायला जरा तरी वेळ लागेल.”

तिसरीही मुलगीच झाली. या खेपेला गॅलरीतल्या हाका बंद होत्या, कारण आईला त्या वहीचा राग येऊ लागला होता. बारशाच्या आदल्या दिवशी हरभरे निवडताना आईने मला जवळ बसवलं.

“मुलाचं एक नाव नाही त्या वहीत. मग मुलगा येईल कशाला? एकसारख्या नावांची माळ लावली की मुलींची रांगच लागते. या वेळी ते ‘इनी’ नको. विमल सांग कानात. मुलालाही चालतं ते नाव. देवाला सुचेल तरी.”

“आणि वहिनीने काढलेलं नाव?”

“कानात तू सांगणार की ती?”

सकाळी बाळाला माझ्या मांडीवर देताना वहिनीने तिचं नाव हळूच सांगितलं. “एवढं नीट सांगा हं, वन्सं.” मी मान हलवली. आदल्या दिवशी आईपुढेही हलवली होती. पाळण्यात डोकं घातलं तेव्हा दोन्ही नावं माझ्याकडे होती. पाठीवर बायकांचे बुक्के पडले आणि मी विमल म्हटलं. हिशेब साधा होता. मी संध्याकाळी घाटकोपरला परत जाणार, वहिनीला मात्र आईबरोबर रोजचे दिवस काढायचे होते. आई सहा महिने धुसफुसली असती. नाव काय, हाक मारण्यापुरतं.  वहिनीने सगळ्यांना घुगऱ्या वाढल्या, मलाही वाढल्या. पुढे त्या वहीत फक्त विणकामाचे नमुने लिहिले गेले. दोन वर्षांनी मुलगा झाला. “मोडली की नाही माळ?” आई म्हणाली.

नंतर आई गेली, मी इकडे बोरीवलीला आले. विमल दहावीत असताना एका रविवारी एकटीच आली. एस.एस.सी.चा फॉर्म भरायचा होता. त्यावर जे नाव जाईल ते कायमचं, असं शाळेत सांगितलं होतं.

“आत्या, माझं नाव कुणी ठेवलं गं?”

“मी.”

“मग तायांसारखं का नाही ठेवलंस? आईला विचारलं तर म्हणते, आत्यालाच विचार.”

इतक्या वर्षांत वहिनीने माझी तक्रार केली नव्हती, आणि माझ्या वतीने उत्तरही दिलं नव्हतं. मी घडलं तसं सगळं सांगितलं.

“तिसरी मुलगी म्हणून?”

“हो.”

“तुला पटलं होतं?”

“नाही. सोयीचं होतं.”

 मग ती म्हणाली, “आईने काढलेलं नाव कुठलं होतं?” मी सांगितलं. तिने ते दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. मी म्हटलं, अजून बदलता येईल, हवं तर मी शाळेत येते.

“नको. सगळ्या विमे म्हणतात मला. आता मी विमलच आहे.” मग म्हणाली, “पण ते माझंच आहे ना?”

“तुझंच.”

“मग दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.”

त्यानंतर कुणाकुणाच्या बारशाला मला नावं विचारली गेली आणि वहिनीच्या साठ्यातली कितीतरी मी सढळ हाताने दिली. ते एक नाही दिलं. ते कुठल्या रेशनकार्डावर नाही की शाळेच्या रजिस्टरात नाही. वहिनी, विमल आणि मी, तिघींना ठाऊक आहे. आम्ही गेलो की तेही जाईल. इथे लिहायला तशी हरकत नव्हती, वाचणाऱ्यांपैकी कुणी तिला ओळखत नाही. पण तिच्या नावाचा निर्णय मी एकदा परस्पर घेतला होता. पुन्हा घेणार नाही.