लॉफ्टमध्ये नसलेला आवाज

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं.

नऊ वर्षं हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नाही – बायकोपुढे नाही, कन्फेशनलाही नाही. तिथे फादरना राग, आळस असली किरकोळ पापं सांगून मी हलका होऊन परत यायचो. हे मात्र खिशातच राहायचं.

तुम्ही म्हणाल, बटण ते बटण, त्यात काय एवढं? थांबा. मला गोष्ट सरळ सांगता येत नाही, आणि ही तर मुळीच नाही.

मी वसईचा, आडनाव लोपीस. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत आलो तेव्हा आमच्या चर्चमधल्या पोर्तुगीज मंडळींनी नुसतं आडनाव ऐकून मला मिठ्या मारल्या. मला पोर्तुगीजचा एक शब्दही येत नाही हे त्यांना कळेपर्यंत पॅरिश बँडचा मोठा ढोल माझ्या गळ्यात पडला होता. वसईच्या लग्नांत बँड वाजवायचे ते माझे काका. मी फक्त मागून चालायचो. पण तसं सांगितलं का? छे. खोड जुनीच म्हणायची.

मग बँडचा इतिहास लिहायचं निघालं. वर्धापनदिनाला छोटी पुस्तिका, इंग्रजीत, म्हणजे मुलाबाळांनाही वाचता येईल. माझ्या इंग्रजीवर सगळ्यांचा फार विश्वास! कमिटीने मला झुलमिराबाईंकडे पाठवलं. वय शहाऐंशी, बँडचे युनिफॉर्म त्याच शिवायच्या आणि तालमीला कॉफीही त्याच द्यायच्या. सुरुवातीच्या लोकांपैकी त्याच तेवढ्या उरल्या होत्या.

चार दुपारी बोलल्या त्या. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, मध्येच कॉर्नेटचे, त्या छोट्या पितळी तुतारीचे, सूर तोंडाने काढत. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर वडिलांचा बँड, पण मुलींना त्यात मज्जाव; म्हणून ही बकऱ्यांच्या गोठ्यात लपून कॉर्नेट शिकली. इथे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करायची. तिथल्या कपडे वाळवायच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, चौघांना घेऊन हिने बँड उभा केला. पहिल्या मिरवणुकीत देवमातेच्या मूर्तीमागे नवऱ्याची टोपी घालून, केस आत कोंबून, कॉर्नेट वाजवत चालली. आणि नवरा मान्युएल? ‘त्याला सूर कळत नव्हता,’ त्या हसून म्हणाल्या. ‘झेंडा मात्र सरळ धरायचा.’

टेबलावर माझा नवा कोरा रेकॉर्डर. हिरवा दिवा लागला होता, तेवढ्यावर मी खूश. तीस वर्षं मशीन टूल्सच्या कारखान्यात काढलेला इंजिनियर मी – हिरवा दिवा बॅटरीचा असतो, रेकॉर्डिंगचा लाल, हे घरी येऊन माहितीपत्रकात वाचलं. चौथ्या दुपारनंतर.

परत जाऊन सांगता आलं असतं, नाही का? ‘बाई, मी गाढव आहे, पुन्हा सांगा.’ त्यांनी पुन्हा सांगितलं असतं, वर कॉफीही पाजली असती. नाही गेलो.

पण खरं पाप पुढेच आहे. कमिटीत मी म्हणालो, बँड झुलमिराबाईंनी काढला. चेअरमन हसले. ‘झुलमिरा? ती कॉफी द्यायची, लोपीस! मान्युएलचा झेंड्यासकट फोटो आहे आपल्याकडे.’ मी म्हटलं, त्या स्वतः म्हणाल्या. ‘मग ऐकव की रेकॉर्डिंग.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो – अजून आठवतं, घसा साफ करून म्हणालो – ‘बहुतेक माझ्याच ऐकण्यात गफलत झाली. मान्युएलच असणार.’

आणि तसंच लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, रंगवलं. मान्युएलला मी कॉर्नेट शिकवला, बकऱ्यांच्या गोठ्यात बसवला! चर्चच्या हॉलमध्ये मीच ते वाचून दाखवलं. झुलमिराबाई पहिल्या रांगेत. नात कार्ला त्यांच्या कानात पोर्तुगीजमध्ये सांगत होती. कार्लाचे ओठ हलायचे थांबले की मी पुढचं वाक्य वाचायचो. संपल्यावर बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्यापाशी आल्या, माझ्या युनिफॉर्मचं लोंबतं बटण बघितलं, पर्समधून सुई काढली आणि उभ्याउभ्या शिवून दिलं.  त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

आज हॉलच्या भिंतीवर संस्थापक म्हणून मान्युएलच्या नावाची पितळी पाटी आहे. दर वर्षी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतात, त्यानंतर पहिला ठोका माझ्या ढोलाचा.

कार्ला आता आजीचाच कॉर्नेट वाजवते. इतकी वर्षं ती विचारायची, ‘अंकल, ते रेकॉर्डिंग सापडलं का? आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.’ मी म्हणायचो, आहे कुठेतरी लॉफ्टमध्ये, बघतो. गेल्या शनिवारी ती स्वतःच आली. तीन तास धुळीत बसून एकेक खोका उपसला. आणि मी? खाली शिडी धरून उभा होतो. वर तोंड करून ‘त्या निळ्या खोक्यात बघ गं’ असंही म्हणालो. हे लिहिताना हात थांबतो, पण म्हणालो होतो.

ती उतरली तेव्हा केसांत कोळिष्टकं होती. मलाच सॉरी म्हणाली.

रविवारी तालमीनंतर सांगितलं. बटणाचं, कमिटीचं, गोठ्याचं, शिडीचं. ती कॉर्नेट पुसत होती, पुसतच राहिली. मग कॉर्नेटची पेटी बंद केली.

‘म्हणजे लाल दिवा लागला नव्हता, हे आजीला माहीत होतं; मला आत्ता कळतंय,’ ती म्हणाली. ‘मला म्हणायची, लोपीसला मशीन लागत नाही, त्याचं डोकं चांगलं आहे. आयुष्यात माणूस ओळखण्यात ती एकदाच चुकली, अंकल.’