डोंगा तर उलटा होता

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचणारी बाई आहे. चकवा लागला, मागून हाक आली, आरशात कोणी दिसलं... असलं काही आलं की एकेकाळी ह्यांना वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून हसायचो. माझे वडील बालाघाटला सरकारी नोकरीत होते. आमच्याकडे देवपूजासुद्धा ऑफिसच्या घाईतच व्हायची. तेव्हा असलं काही मलाच लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. आणि लिहिताना भीती वाटतेय असंही नाही. खरं म्हणजे काहीच वाटत नाहीये.

हट्टा गावाचा रस्ता सोडून वैनगंगेकडे वळलं की आमचं गाव. घर या काठाला, शेत त्या काठाला. पूल आहे, पण फार खाली. त्या वाटेनं गेलं की दिवस मोडला. म्हणून आमच्याकडे लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी आहे, दोन माणसं आणि धानाचे चार भारे मावतील एवढा. बाकीचे लोक डोंगा बांबूनं ढकलतात. आमच्या ह्यांनी लग्नाआधी काही वर्षं मालवणकडे बोटीवर काम केलंय, त्यामुळे ह्यांना शीड पाहिजे! ताडपत्रीला दोऱ्या लावून बांबूवर चढवली आणि झालं शीड. तेव्हापासून गाव ह्यांना ‘कॅप्टन’ म्हणतं. वारा पडला की कॅप्टनपण बांबूच मारतात, ती गोष्ट वेगळी. दोरी कधी ओढायची, कधी सोडायची ते मलाही शिकवलं. पावसाळाभर आम्ही दोघं तसेच ये-जा करतो.

दिवाळी झाली की नदी उतरते आणि शेतावर पायी जाता येतं. मग डोंगा काठावर ओढायचा, उलटा करायचा, फटींत ताग ठासायचा आणि वरून गरम डांबर. याला आमच्याकडे डोंगा निजवणं म्हणतात. एकदा निजवला की पुढच्या पावसापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. शिडाची ताडपत्री धानाच्या गंजीवर जाते. गोठ्याला पोती बांधणं, गोधड्यांना ऊन दाखवणं, लाकडं रचणं, सगळी थंडीची कामं त्याच दिवसांत निघतात.

आमची मयूरी गेली ती पण याच दिवसांत, गोंदियाच्या दवाखान्यात, तापानं. दोन वर्षं झाली. एकच मुलगी. त्यानंतर घरात तिच्याबद्दल बोलणंच बंद झालं. भांडण नाही, काही नाही... “बैल बांधले?” “बांधले.” बस, एवढंच. हे माझ्याकडे बघायचे नाहीत. तिचा चेहरा माझ्यावर गेला होता म्हणून असेल. मी रडले नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली... दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं.

यंदा नदी लवकर उतरली. ह्यांनी घाई केली आणि पलीकडचं निम्मं धान अजून शेतात पडलेलं असतानाच डोंगा उलटा करून डांबर लावून मोकळे झाले. म्हणाले, “पायीच तं जाचं हाय.” रब्बीसाठी वरच्या धरणातून पाणी सोडतात आणि त्याचा काही नेम नसतो, हे ह्यांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पोटरीएवढं होतं. हे पलीकडे पेंढ्या बांधायला गेले. मी दिवसभर या काठाला, घराजवळच्या खळ्यावर. कौशल्याकाकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, सोबत होत्या. दोघी मिळून खळं सारवत होतो, जेवलोही तिथेच. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या दिवशी मी काकूंच्या नजरेआड झालेच नाही.

उन्हं कलली तेव्हा खालच्या आळीतून कोणीतरी ओरडत आलं, “अरे, डैम का पानी आ गया!”

काकूंनी हातातलं शेण खाली टाकलं. “काय वो, कॅप्टन तिकडंच हाय ना?”

मी तशीच काठावर गेले. नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. करंजाखाली डोंगा उलटा, डांबर अजून मऊ, त्यावर वाळका पाला चिकटलेला. पलीकडे कोणी दिसेना. मी हाका मारल्या. ह्यांना पोहता येतं, पण त्या पाण्यात कोणी उतरू नये. आणि खरं सांगू? हे उतरणार नाहीत याची मला खात्री नव्हती. दोन वर्षं जगलो काय, न जगलो काय, अशाच तऱ्हेनं वागत होते. हे सगळं डोक्यात येत होतं आणि आत मात्र काही हलत नव्हतं. तेवढंच आठवतं.

शेजारच्यांना मोटरसायकलवर पुलाकडून पाठवावं म्हणून घराकडे वळले... तर हे ओट्याशी पाय धूत होते. अंगावरचे कपडे कोरडे. डोळे सुजलेले.

“अजी, तुमी कसे आले?”

“कसे म्हंजे? तूच तं आणलं.” हे माझ्याकडे सरळ बघत होते. “इतक्या पान्यात शीड लावून आली. मी म्हणलं, ही बाई काहून आली. तं तू म्हणली, बसा.”

“मंग?”

“मंग काय... साऱ्या वाटेनं मयूचंच बोलत राह्यली. मले वाटे, तू आता कधी तिचं बोलनारच नाही.” तोंडावरून ओला हात फिरवला. “दवाखान्यात मयूनं तुले इचारलं म्हणे, बाबानं डोंगा निजवला का? म्हणली, यंदा डांबर मी लावनार होती. हे मले तू आजवर सांगतलंच नव्हतं वो.”

नव्हतंच सांगितलं. कोणालाच नाही. तेव्हा हे खाली औषधं आणायला गेले होते आणि खोलीत फक्त मी होते.

मी म्हणणार होते की अहो, मी तर खळ्यावर होते, काकूंना विचारा. तोंड उघडलंही. पण ह्यांचा चेहरा बघितला... रडून मोकळा झालेला, पूर्वीचा. म्हणाले, “बरं केलं तू आली. भूक लागली.” मी “हौ” म्हटलं आणि चूल पेटवायला गेले.

त्याआधी गाय आणायच्या निमित्तानं काठावर जाऊन आले. डोंगा तसाच. डांबरावर बोटाचा ठसा नाही, पाला जागच्या जागी. ताडपत्री गंजीवर, चारही बाजूंनी विटा ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी ढीमरांकडे, म्हणजे नदीवर मासे धरणाऱ्यांकडे चौकशी केली. त्या पाण्यात कोणी डोंगा घातला नव्हता. बालाघाटच्या माझ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, जीजाजींना चक्कर आली असेल, दिमाग असे खेळ करतो.” असेल. पण कपडे कोरडे कसे? आणि मयूचं ते बोलणं ह्यांच्या दिमागात आलं कुठून?

हे आता पोटभर जेवतात. हरभऱ्याचं बियाणं आणलं, गोठ्याची पोती बांधली. मयूच्या लहानपणच्या गोष्टी काढतात, मी ऐकते. आपला माणूस परत आला म्हणायचं. मला आनंद व्हायला पाहिजे, हे मला कळतं.

पण दोन-चार दिवसांनी संध्याकाळी हे जवळ येऊन बसले. म्हणाले, “तू डोंग्यात म्हणत होती का मयूनं माह्यासाठी काही सांगून ठेवलं. तेवढ्यात काठ आला अन् तू उतरून निंगून गेली. काय सांगतलं होतं?”

मला माहीत नाही. मला तिनं काही सांगितलं नव्हतं. पण शेवटी मीही फोन करायला बाहेर गेले होते आणि आत आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यामुळे काही नव्हतंच, असंही मला म्हणता येत नाही. खोटं रचून सांगणं सोपं आहे. जमत नाही. “आठवून सांगते,” म्हटलं.

हा काय प्रकार होता ते मला आजही सांगता येणार नाही. कोणाला कळत असेल तर कळवा. नदी पुन्हा उतरली आहे. दुपारची कामं आटोपली की मी काठावर जाऊन बसते. ती बाई माझ्यासारखी दिसत होती, माझ्या आवाजात बोलत होती, आणि मला जे दोन वर्षं जमलं नाही ते तिनं एका खेपेत केलं. निरोप तिलाच ठाऊक. तिला हाक मारायची तर माझंच नाव घ्यावं लागणार. परवा घेतलं, मोठ्यानं. कोणी आलं नाही.

घरी आले तर हे ओट्यावर वाट बघत होते. म्हणाले, “आठवलं काय वो?”