बाजेखालची शेगडी

अक्का,

पहिलटकरणीला माहेरी आणतात. मला मात्र माहेरानं सातव्या महिन्यात परत पाठवलं. कळंबच्या स्टँडवर माझी पिशवी तुझ्याच हातात होती. बहात्तरचा दुष्काळ. आई खडी फोडायच्या कामावरून तशीच आली होती, भुवयांवर पांढरी धूळ घेऊन. अण्णा ह्यांच्याकडे न बघताच ह्यांना म्हणाले, "जावईबापू, बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी न्हाय घरात. लेकीला घेऊन जावा." एवढं बोलून ते एसटीच्या मागं जाऊन उभे राहिले, जयभीम घ्यायलाही पुढं आले नाहीत. आईनं खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत एकच सांगत राहिली, "तिकडं थंडी लई. बाजंखाली शेगडी ठिव. लेकराचा शेक चुकवू नगं."

हे सगळं आज उकरायचं कारण तुझं पत्र. कारखान्याच्या नोकरीवर तुमचं स्लॅबचं घर उभं राहिलं, लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला आली, आणि आईची शेगडी तू घासून ठेवलीस, असं कौतुकानं लिहिलंस. ते वाचल्यापासून मला घास गिळवत नाही.

हे तेव्हा सिमल्याच्या वर, रस्त्याच्या कामावर कारकून होते. आम्हाला एक खोली मिळाली होती. पाण्यापायी माझं माहेर सुटलं, आणि इथं पाणी आभाळातून पिंजलेल्या कापसासारखं पडत होतं. बादलीत रात्रभरात बर्फाची पापडी धरायची. खोली गरम कशानं करायची, यावरून आमच्यात दोन आठवडे तंटा चालला. ह्यांना रॉकेलचा स्टोव्ह हवा होता, बदली झाली की काखोटीला मारून नेता येईल म्हणून. शेजारची बिमला पहाडी बाई. ती बुखारीच घ्या म्हणून मागं लागली होती. बुखारी म्हणजे पत्र्याचं पिंप, आत लाकडं जळतात आणि धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर जातं. मी तिची थट्टा केली. डब्यात कोंडलेल्या विस्तवाचा कसला शेक, आणि त्यासाठी वर भिंत फोडायची! आईनं सांगितलंय तेच होणार म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी ह्यांनी लोखंडी शेगडी आणि लाकडी कोळशाचं पोतं आणलं.

मुलगी झाली. नाक थेट आपल्या आईचं. थंडीनं ती सारखी किरकिरायची, ओठ निळे पडायचे. अठराव्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. हे कामावर गेल्यावर मी कणकेची खळ शिजवली आणि खिडकीच्या फटींवर कागद चिकटवले, दाराखाली गोधडी कोंबली. शेगडी फुलवून बाजेखाली सारली. दुपारपर्यंत खोली अशी उबदार झाली की माहेरी आल्यासारखं वाटलं. धुराचा पत्ता नव्हता, म्हणून मी बिनघोर. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, ते बाळंतपणाच्या अशक्तपणावर घातलं. लेक गप झोपली होती. शेक लागला बाईला, म्हणून मी तिच्याकडे बघत पडून राहिले.

त्यानंतर मला आठवतो तो तोंडावर चोळलेला बर्फ. मी बाहेर ओट्यावर होते आणि बिमला माझ्या गालावर चापट्या मारत होती. मुलगी तिच्या मांडीवर होती. गाल गुलाबी होते, म्हणून मला आधी कळलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. आपल्या माळवदाला सवणं होतं, अक्का, धूर जायला ठेवलेलं वीतभर भोक. दाराच्या फटीतून मांजर आत यायचं. त्या घरात आईचं बरोबरच होतं. मी तिचा शब्द उचलला आणि घर बघितलं नाही. तेवढी अक्कल मला असायला हवी होती.

घरी मी कळवलं, पोर थंडीनं गेली. आईनं तुझ्या हातून उत्तर लिहून घेतलं, "पाणी आसतं तर ठिवून घेतली आसती. म्याच धाडली." दरवेळी गावी आले की ती हेच म्हणायची, अगदी गेल्या साली डोळे मिटेपर्यंत. मी तिला अडवलं नाही. खरं सांगितलं असतं तर शेगडी तिच्या जिवाला लागली असती. खोट्यानं दुष्काळ तरी वाटेकरी झाला. यात मी तिच्यावर दया केली की स्वतःला वाचवलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

ह्यांची दोनदा सोलापूरकडं बदली होत होती. दोन्ही वेळा मीच हट्टानं मोडली. इथं बुखारी आली, पुढं दोन मुलं झाली, त्यांना पहाडी बोली मराठीपेक्षा चांगली येते. घर कुठलं म्हणून विचारलं की मी अजून कळंबच सांगते. पण देवदारांखालच्या उतारावर पुरलेल्या त्या लेकीला एकटी ठेवून यायला माझे पाय उचलत नाहीत. जिथून निघवत नाही, तेच माझं घर झालं.

शेगडी ठेवायचीच असेल तर अंगणात ठेव. शोभाला शेक द्यायला वाळूची पुरचुंडी गरम कर. खोलीत निखारा नेऊ नको, आणि खिडकी उघडी असू दे. बाळंतिणीला वारं लागेल म्हणून बायाबापड्या तुझ्यावर तुटून पडतील. त्यांना सांग, माझ्या बहिणीची लेक थंडीनं गेली नव्हती.