पंचवीस खुर्च्या

आधी आक्कांचं सांगतो, माझं नंतर. माझं सांगायला लागलो की माझा गोंधळ उडतो आणि मूळ माणूसच राहून जातं. तर आक्का. थेरगावात डांगे चौकाच्या आतल्या बाजूला मी ज्या चार मजली इमारतीत भाड्यानं राहतो, तिथल्या घरमालकीण. जुन्या गावातल्या. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं शेत होतं. ‘पयली हितं ज्वारी यायची, आता भाडेकरू येत्यात,’ असं त्या म्हणतात. पासष्टी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, तरी दिवसातून दोनदा गच्चीवर चढतात. आज माझी लेक माझ्याजवळ आहे, आत्ता मी हे लिहितोय तर शेजारी बसून माझंच पेन मागतेय, ते आक्कांमुळं. हे पहिल्यांदा लिहून टाकलं म्हणजे मला धीर येईल.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. चाकणला एका प्रेसशॉपमध्ये आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचं काम. बायको, लेक आणि मी, खोली एक, पण चाललं होतं छान. मग बायकोला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत ती गेली. लेक तेव्हा पाच वर्षांची. तेरावं झाल्यावर सासूबाई तिला गावी घेऊन गेल्या. मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, “दाजी, वाईट वाटून घेऊ नका. पण शहरात तुमचं कोण हाय? तुम्ही शिफ्टला गेल्यावर पोरगी तापली तर हाक कुणाला मारंल?”

खरंच कोणी नव्हतं.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. इतर सहा दिवस मशीन माणसाला उभं धरतं. गुरुवारी मात्र खोली अंगावर यायची. मग मी काय करायचो, गुरुवारी सकाळीसुद्धा युनिफॉर्म चढवून चौकातल्या स्टॉपवर जाऊन बसायचो. कंपनीची बस येणार नाही हे मला माहीत असायचं. दोन तास बसायचो आणि परत यायचो. हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिसऱ्या गुरुवारी आक्का भाजी घेऊन येत होत्या, त्या समोर येऊन थांबल्या.

“आरं, आज बेस्तरवार. कंपनीची गाडी न्हाई येत.”

“माहीत आहे आक्का.”

“मग हितं कशापायी बसलाईस?”

त्यांनी मेथीची जुडी माझ्या हातात दिली. “चल. वर गच्चीत बसून निवड. आमचं मालक गेलं तवा मी सा महिने दर बाजाराला त्यांच्यासाठी पानाचा इडा बांधून घ्यायची. घरी आल्यावर ध्यानात यायचं, की खाणार कोण. तवा मला काय सांगू नको. मेथी निवड.”

तिथून सुरू झालं. पहिले काही गुरुवार आक्का आणि मीच. मग दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई आल्या, त्यांचे मिस्टर अपघातात गेले होते. मग दापोडीचे फिटरमामा. ते आक्कांची पाण्याची मोटार दुरुस्त करायला आले होते. आक्कांनी त्यांना एवढंच विचारलं, की डबा कोण करून देतं. मामा पाना हातात धरून तसेच बसून राहिले. पुढच्या गुरुवारी पुन्हा आले, तेव्हा मोटारीत काही बिघाड नव्हता. असं करत वर्षभरात आम्ही अकरा जण झालो. सगळ्यांचं दुखणं एकच, नवरा गेलेला नाहीतर बायको. गच्चीला आम्ही नाव वगैरे काही ठेवलं नाही. ‘गुरुवारी वर या,’ एवढंच. भाजी निवडायची, बोलायचं, जेवायचं. कोणी रडलं तर त्याला गप्प करायचं नाही, असा नियम नर्सताईंनी केला. रडणाऱ्यानं लसूण सोलत रडावं, म्हणजे कामही होतं, अशी भर मामांनी घातली.

पुढच्या उन्हाळ्यात मी हिय्या करून गावी फोन लावला. म्हटलं, जूनमध्ये पोरीला इथल्या शाळेत घालतो, पहिलीला. मेहुण्यानं फोन बाजूला धरून आईला विचारलं. मग म्हणाला, “आई म्हणती, आम्ही पोरीला घेऊन येतो, बघतो, मग ठरवू.”

बघतो. त्या एका शब्दानं माझी झोप उडाली. काय बघणार? खोली? ती झाडून पुसून ठेवता येते. त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचं काय करायचं? आक्कांना सांगितलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुजं कोण हाय म्हनून इचारत व्हता न्हवं त्यो? मग समद्यांस्नी जेवायला बोलीव. दाव की त्याला, कोण हाय ते.”

मला इतका आनंद झाला, की मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून फोन लावत बसलो. जुन्या जॉबकार्डाची मागची कोरी बाजू घेतली. कामात माझा काउंट कधी चुकत नाही, सुपरवायझरसुद्धा मानतात. म्हटलं, हाही चुकू द्यायचा नाही.

“मामा, गुरुवारी जेवायला. सासरची माणसं येतायत. किती जण?”

“किती म्हणजे? दोघं. ठेवतो हां, साहेब आलेत.”

मी लिहिलं, दोन. मनात म्हटलं, मामा लेकाला आणत असतील. नर्सताईंना विचारलं. त्यांच्या मागं पेशंटचा गलका होता. “येतो ना, दोघं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांच्या आई येतायत वाटतं. नऊ जणांना फोन केले, सात जणांनी दोघं सांगितलं, उरलेल्या दोघांनी एकच. आक्का जिन्यात भेटल्या, त्यांनाही विचारलं. “आमचं दोन धर,” त्या म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. मी कार्ड घेऊन बेरीज केली. वीस. वर सासूबाई, मेहुणा, लेक. तेवीस माणसं. माझ्यासाठी तेवीस माणसं येणार होती. आठवीत शाळा सोडलेल्या, परगावच्या माणसाकडं. ते कार्ड मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शिफ्टमध्ये चार वेळा काढून बघितलं.

मंडपवाल्याकडून पंचवीस लाल खुर्च्या आणल्या. लिफ्ट नाही, चार मजले, पाच-पाच करून चढवल्या. आदल्या दिवशी धान्य-मसाले भाजून येसर कुटलं. येसरची आमटी म्हणजे आमच्याकडं लग्नाकार्यातलं जेवण, ती बायको करायची. मला जमेल की नाही याचा घोर होता, पण पहिली उकळी आली आणि वास बरोबर आला. सकाळी आक्कांनी आणि गच्चीतल्या दोन ताईंनी चुलीवर भाकरीच भाकरी थापल्या. मी नुसता वर-खाली पळत होतो. आक्का म्हणाल्या, “एका जागी बस की जरा, तुजं लगीन न्हाई.”

अकराला सासूबाई आणि मेहुणा आले. लेक सासूबाईंच्या पदरामागं. दोन बोटं उंच झाली होती. माझ्याकडं बघून हसली नाही, पण मी पुढं केलेलं बोट तिनं धरलं. तेवढ्यावर मी चार मजले कसे चढलो मला आठवत नाही.

मग एकेक जण यायला लागला. मामा आले. मी त्यांच्या मागं जिन्यात वाकून बघितलं. कोणी नव्हतं. नर्सताई आल्या. मागं कोणी नाही. म्हटलं, दुसरं माणूस मागून येत असेल. सगळे आले, सगळे एकेकटे. बारा वाजले. गच्चीत पत्र्याखाली लाल खुर्च्यांच्या रांगा, आणि माणसं चौदा. अकरा खुर्च्या रिकाम्या. त्या रिकाम्या खुर्च्या मला प्रत्येकी दोनदा दिसत होत्या.

मेहुणा सावकाश सगळीकडं बघत होता. त्याचा स्वभाव वाईट नाही, उलट तो सरळ आहे, म्हणूनच मला भीती वाटत होती. तो म्हणाला, “दाजी, अर्धी माणसं आलीच नाहीत की.”

पोरगी गेली, एवढंच डोक्यात. मी खिशातून कार्ड काढलं आणि काही न सुचून मामांना म्हणालो, “मामा, तुम्ही दोघं म्हणाला होता.”

“मी? मी कशाला दोघं म्हणीन?”

“हे काय लिहिलंय. मामा, दोन. नर्सताई, दोन.”

नर्सताईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. वाचलं. मग हळूच म्हणाल्या, “मी म्हटलं असेन. बोलावणं आलं की तोंडातून तेच येतं.”

पत्रा तापून कडकड वाजत होता. मामांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढून जवळ घेतली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे राव, बायको आलीय तर. आणि मला कोणी सांगत नाही. तिला आधी वाढा, ती वाट बघत नाही कोणाची.”

एक ताई हसली. मग दुसरी. मग सगळी गच्ची हसायला लागली, डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीत थापा मारत. आक्का म्हणाल्या, “आमच्या मालकांस्नी दोन खुर्च्या लागतील. एक पायाला.”

फक्त सासूबाई हसत नव्हत्या. त्यांचा हात पुढं आला. “जावईबापू, ते कार्ड बघू. तुमच्यापुढं किती लिवलंय?”

मी बघितलं. माझ्याच अक्षरात, दोन. लिहिताना मला कळलंसुद्धा नव्हतं.

सासूबाई त्या आकड्याकडं बघत राहिल्या. सासरे जाऊन चार वर्षं झालेली. मग मेहुण्याकडं न बघता म्हणाल्या, “मी अजून दाराला कडी लावत नाही. हे रानातून येतील म्हून.”

मेहुणा चमकला. “म्हून कडी निघालेली असती व्हय? मला वाटलं इसरतीस. मी रोज उठून लावतो.”

“मला ठावं हाय तू लावतोस. तुला काय सांगू? हसला असतास.” मग त्या आमच्याकडं वळल्या. “ह्यांना इथं सांगायला माणसं हायेत. मला घरात कोणी नव्हतं.”

मला वाटलं झालं, सुटलो. पण सासूबाई अशा पाघळणाऱ्यातल्या नाहीत. जेवण होताच त्यांनी एकेकाला फैलावर घेतलं. शाळा सुटल्यावर आणणार कोण? आक्का म्हणाल्या, शाळा माझ्या वट्ट्यावरनं दिसती. ह्यांची दुसरी शिफ्ट असली की? नर्सताईंनी स्वतःच्या ड्युटीचा कागद दाखवला, मामांनी आपले वार सांगितले. ताप आला तर? नर्सताई म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावर दार वाजवायचं, एवढंच. वेणी कोण घालणार? तिथं तीन बायका एकदम बोलल्या आणि त्यांच्यातच वाद लागला.

तोवर लेक काय करत होती? एकेका रिकाम्या खुर्चीवर बसत होती. एकीवर जरा बसायची, उतरायची, पुढचीवर. अकराही खुर्च्यांवर बसून झाली आणि आक्कांच्या मांडीला येऊन टेकली.

“दिवाळीपातूर ठेवते,” सासूबाई म्हणाल्या. “दिवाळीला येऊन बघीन. वाळलेली दिसली तर उचलून नेईन.”

मेहुण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं सात भाकरी खाल्ल्या होत्या. तरी बावीस उरल्या, अर्ध्या माणसांचं जेवण जेवायला माणसंच नव्हती. आणि एवढ्या उरलेल्या असताना आक्कांनी पुन्हा परात मांडली. सासूबाईंनी आणलेलं ज्वारीचं पीठ त्यांनी मुठीत घेऊन हुंगलं आणि एकच भाकरी केली, स्वतःसाठी. पहिला घास घेऊन म्हणाल्या, “आमच्या रानातली अशीच व्हती. आता खायाला मिळती, पर उभी बघून किती वरसं झाली.” त्या कठड्यापलीकडं बघत होत्या. तिथं सगळ्या इमारतीच.

दिवाळी आली, गेली. सासूबाई आल्या, पोरीचे दंड चाचपून बघितले, एकट्याच परत गेल्या. लेक आता दुसरीत आहे. मला अजून दर फोनला धडकी भरते, तो माझा स्वभाव. पण गुरुवारी मी स्टॉपवर जात नाही. कोणाला जेवायला बोलावलं की लेकच फोनवर विचारते, “तुम्ही दोघं म्हणजे खरंच दोघं का?” आणि मामा म्हणतात, “बाळा, दोघंच लिही.”

आक्का, तुम्हाला वाचता येत नाही, हे पोरगी तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं माझ्यावर जे आहे ते फिटणार नाही, हे मला कळतं. पण एक करीन. थंडीत हुरडा आला की तुम्हाला आमच्या गावी नेईन. गाडीत पाय लांब करून बसवीन. भावाचं रान आहे, दोन एकर, ज्वारी डोक्यावर जाते. तुमच्या गुडघ्यांना खाली बसवणार नाही, मंडपवाल्याची लाल खुर्ची बरोबर घेईन आणि बांधावर टाकीन, तुम्ही पोटभर बघा. या वर्षी सुट्टी नाही मिळाली तर पुढच्या वर्षी, पण नेईन. आणि खुर्च्या दोन नेईन. मालकांच्या पायाला लागत असेल तर तीन.