ताईचं माहेरचं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवर चार वर्षं माझ्याच खोलीत राहिलेल्या मैत्रिणीलाही नाही. विषय जवळ आला की मी गप्प होते, आणि लोकांना वाटतं — लाजाळू आहे. लाजाळू असण्याचा हा एक फायदा. गप्प का, असं कुणी विचारत नाही.

कुठून सुरुवात करू? कोर्टपासूनच करते. नारायणगावात आमच्या सरावाचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट होतं, एका बाजूची रिंग जरा झुकलेली. ड्रिबलिंगसाठी सर टोमॅटोचे रिकामे क्रेट ओळीने मांडायचे. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून बाकीच्या मुली मला मॅडम म्हणायच्या. ‘मॅडम, पास द्या की राव, का अर्ज करू?’ मी पास द्यायचे. कोर्टवर बोलावं लागत नाही — मला ते याचसाठी आवडायचं.

आमच्या आधीची टीम चांगली होती. मग काहींची लग्नं झाली, काही पुण्याला शिकायला गेल्या, आणि सरांनी सगळं नव्याने बांधायला घेतलं. दर जूनला ते आसपासच्या शाळांतून आठवीच्या दोन-तीन मुली निवडायचे. हात लांब आहेत का आणि घरचे रविवारी सोडतील का, एवढंच बघायचे. मी पहिल्या निवडीतली. दोन वर्षं आम्ही एकूण एक मॅच हरलो. सर म्हणायचे, ‘हरा गं, हरायचंच वय हाय तुमचं.’ तिसऱ्या वर्षी मी दहावीत होते आणि पहिल्या पाचात माझी जागा पक्की होती — निदान मी तसं धरून चालले होते.

तेव्हा सरांनी सुरेखाताईला आणलं.

ती बत्तीस वर्षांची. कॉलेजात असताना जिल्ह्याकडून खेळलेली, मग लग्न होऊन पिंपळवंडीला आलेली. दोन मुलं, द्राक्षाची बाग. दहा वर्षं तिने बॉल हातात धरला नव्हता. सर तिच्या घरी तीनदा जाऊन आले, सासूबाईंशी बोलले. आम्हाला म्हणाले, ‘पळायला तुमी हाय. थांबायला कोण शिकवणार?’

पहिल्या दिवशी ती जीपमधून उतरली, पदर खोचला आणि साडीतच रिंगखाली उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, ‘वहिनी, जमंल का?’ ती हसली. ‘इथं वहिनी न्हाई. सुरेखा म्हणा, न्हाईतर ताई म्हणा.’ सासरी लग्नात तिचं नाव बदललं होतं, वैशाली ठेवलं होतं. सुरेखा हे माहेरचं. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं — फक्त सर, आणि आम्ही.

ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती सगळ्यात जास्त वेळ मलाच द्यायची. माझ्या खांद्याला धरून, एक पाय रोवून कसं वळायचं ते दाखवायची. ‘तुला दिसतंय सगळं. मग वाट कुणाची बघती?’ इतकं बारकाईने माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आणि मी तिच्याकडे काय पाहत होते? तिचे गुडघे. कधी दुखायला लागतात, ते.

ते दुखले नाहीत. मंचरच्या स्पर्धेआधी — स्पर्धा खुली होती, वयाची अट नव्हती — सरांनी पहिले पाच सांगितले. माझ्या जागी ती होती. मी मान हलवली. घरी जाऊन नीट जेवलेही.

आता फॉर्मचं सांगते. स्पर्धेचा फॉर्म इंग्रजीत होता, आणि इंग्रजीतलं सगळं माझ्याकडे यायचं. बाहेरच्या तालुक्यातल्या खेळाडू आणू नयेत म्हणून प्रत्येकीचं नाव रेशनकार्डाशी जुळायला हवं होतं. त्या रविवारी सरावाहून परतताना ताई जीपमध्ये माझ्या शेजारी बसली. तिने तिचं माहेरच्या नावाचं जुनं खेळाचं सर्टिफिकेट माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, ‘हे जोड. पण नाव मात्र कार्डावरचं टाक हां. वैशाली. सासरचं.’ जीपमध्ये गोंगाट होता. तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.

घरी टेबलावर फॉर्म घेऊन मी बराच वेळ बसले. मग त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात सुरेखा लिहिलं, पुढे तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. सरांनी सही करताना यादी वाचली. त्यांना ते नाव ओळखीचंच वाटलं.

मी काय ठरवलं होतं? काहीच ठरवलं नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही.

मंचरला तिच्या सासूबाई दोन्ही नातवंडांना घेऊन आल्या होत्या. पहिल्यांदाच. शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. सामन्याआधी टेबलावर कार्डं तपासली गेली आणि समोरच्या टीमचे सर म्हणाले, ‘ही सुरेखा कोण? कार्डावर तर वैशाली हाय.’ आमच्या सरांनी खूप समजावलं. यादी एकदा दिली की बदल नाही, एवढंच उत्तर मिळालं. सर माझ्याकडे वळले. ‘तुला सांगितलं नव्हतं का कुणी?’

मी म्हणाले, ‘नाही. ताईंनी सर्टिफिकेट दिलं, त्यावरचंच लिहिलं.’

मोठ्याने, सगळ्यांसमोर. एरवी माझा आवाज फुटत नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? बॉल एकदा टप्पा पडून हातात येतो, तेवढाच. मग सरांना म्हणाली, ‘न्हाई सांगितलं मी. माझ्या ध्यानातच राह्यलं न्हाई.’

आणि ती बाकावर जाऊन बसली, सात नंबरची जर्सी घालून. सासूबाईंनी तिथूनच विचारलं, ‘काय झालं गं? खेळत न्हाईस व्हय?’ ती म्हणाली, ‘पोरी खेळत्यात आज. बसा, बघू.’

तिच्या जागी मी खेळले. सगळा वेळ बाकावरून तिचा आवाज येत होता — डावीकडं बघ, थांब, आता वळ. मी थांबले, वळले. आम्ही जिंकलो. सांगायला सगळ्यात जड जातं ते हेच: इतकं चांगलं मी आधी कधी खेळले नव्हते, नंतरही नाही. परत येताना मुली म्हणाल्या, ‘मॅडम, आज लई भारी!’ मला आनंद झाला. खरा आनंद.

पुढच्या रविवारी ताई आली ती जर्सी द्यायला. धुऊन, इस्त्री करून आणली होती. बागेची छाटणी आलीय, आता जमायचं नाही, असं सरांना म्हणाली. जर्सी तिने सरांकडे दिली नाही, माझ्या हातात ठेवली. ‘तुला बसंल,’ म्हणाली. त्यानंतर ती कोर्टवर आली नाही.

तिला कळलं होतं का? हा प्रश्न मी इतकी वर्षं घोळवला, कारण तो दुसऱ्या प्रश्नापेक्षा सोपा होता. तिला काय कळलं, ते तिचं तिच्याजवळ. नाव कोणतं लिहायचं, ते मला माहीत होतं. मी दुसरं लिहिलं. आणि विचारल्यावर तिच्यावर ढकललं.